चार वाजताचा सराव

पिल्लू,

कुलूप उघडू नकोस. सरळ समोरच्या काकूंकडे जा, त्यांना सांगून ठेवलंय. तुझा डबाही तिकडेच दिलाय.

आत्ता बँडच्या सरांचा फोन आला होता. तुझ्या क्लॅरिनेटची कळ तुटल्यामुळे ते सोमवारपासून शाळेच्या कपाटात पडलंय आणि तू रोज पाचपर्यंत तिथेच शाळेच्या वाद्यावर सराव करतेस म्हणे. मला सांगायचं राहिलं असेल, त्याचा राग नाही.

पण रोज चार वाजता, मी ड्यूटीवर निघताना, तुझ्या खोलीत वाजत असायचं. सराव मोडू नये म्हणून मी दार कधी उघडलं नाही. स्वयंपाकघरातूनच "पुन्हा घे" म्हणायचे, की ती अडणारी ओळ पुन्हा वाजायची. मग फ्रिजवरच्या सरावाच्या तक्त्यावर सही करून मी निघायचे. काल तर "छान सुधारलीस" असंही लिहिलं.

आज फोन ठेवल्यावरही वाजत होतं. जरा वेळाने वाजायचं थांबलं, आणि आतून अगदी तुझ्याच आवाजात प्रश्न आला, "आई, पुन्हा घेऊ?"