बागेतले नऊ जोड

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (गुडघे वाकत नाहीत, तेव्हा तो उभ्यानेच घातला आहे असं समज.) तुझी कंबर कशी आहे, झोप लागते का, आणि ती नवी कामवाली टिकली की तिलाही तू भांडी घासायला शिकवायला गेलीस, ते कळव. पत्र आलं म्हणून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. फोनच केला असता, पण फोनवर तू पाचव्या वाक्याला "बरं, ठेवते" म्हणतेस आणि माझं मुद्द्याचं वाक्य आजवर कधी सहाव्याच्या आधी आलेलं नाही.

तर मुद्दा असा, की भिंगरी गेले बावीस दिवस माझ्याकडे आलेली नाही. तिच्या आईने, म्हणजे तुझ्या लाडक्या भाचीने, तिला पाठवणं बंद केलं आहे. शाळा सुटल्यावर चार ते सहा ही माझी वेळ होती. तुझी भावजय गेली तेव्हापासूनची दोन वर्षं त्या दोन तासांवर निघाली, उरलेले बावीस तास मी नुसता वाट बघत असे. आता पोरीला एका पाळणाघरात ठेवतात. तिथे खुर्च्या प्लास्टिकच्या आणि गवतही प्लास्टिकचं. (मी कुंपणावरून पाहून आलो. एकदाच. बरं, तीनदा.) माझं म्हणशील तर माझा वेळ अगदी मजेत जातो. काल मी कपाटातले सगळे हँगर एका दिशेला तोंड करून लावले. आज ते दुसऱ्या दिशेला केले. तक्रार अशी काहीच नाही.

तुझ्या कानावर आलंच असेल की म्हाताऱ्याने सहा वर्षांच्या नातीला बागेत अनवाणी सोडलं आणि पोरीचा पाय कापला. खरं आहे. पण ते अर्धंच आहे, आणि उरलेलं अर्धं त्याहून वाईट, म्हणून ते माझ्याकडूनच कळलेलं बरं.

अडतीस वर्षं मी बुटांच्या दुकानात लहान मुलांच्या विभागात काढली हे तुला सांगायला नको. बुटक्या स्टुलावर बसायचं, पोराची टाच फळीला टेकवायची, सरकती पट्टी अंगठ्याला लावायची, बूट चढवायचा आणि पुढून अंगठ्याने दाबून बघायचं की आत जागा आहे का. लोकांना वाटतं यात काय मोठंसं. मोठंसं हे, की मूल कधी सांगत नाही. मोठा माणूस बूट लागला की दुकान डोक्यावर घेतो. मूल गप्प उभं राहतं, कारण त्याला वाटतं बूट असेच असतात. आई विचारते, "बरा आहे ना?" मूल मान हलवतं आणि घरी जातं. मी एकावर एक चढलेली बोटं बघितली आहेत, काळी पडलेली नखं बघितली आहेत, आणि त्याच पायात आणखी एक जोड चढवून पुडकं बांधून दिलं आहे. तेव्हा निवृत्त होताना मी ठरवलं होतं की नात झाली तर तिचे पाय मोकळे ठेवायचे. (ठरवलं होतं हे आता म्हणतो. प्रत्यक्षात तिच्या बुटात वाळू गेली आणि तिने तो स्वतःच भिरकावला. मी फक्त उचलून आणला नाही.)

पहिल्या दिवशी ती गवतावर चालली, मग नळाखालच्या चिखलात, मग खडीवर, ओय ओय करत. खडीवरून परत आली आणि पुन्हा गेली. ताई, पोरीची पाचही बोटं सुटी झाली होती. मी बाकावर बसून नुसता त्या बोटांकडे बघत होतो, आणि फार दिवसांनी मला बरं वाटलं.

आता एका पोराने बूट काढले की बाकीची कशी राहतील? आठवड्याभरात आणखी आठजण भिंगरीच्या मागे अनवाणी. त्यांना घेऊन येणाऱ्या आया, आज्या, सांभाळणाऱ्या बायका समोरच्या बाकांवर फोनमध्ये मान घालून बसलेल्या, कोणाची हरकत नव्हती. कट्ट्यावर नऊ जोड पडलेले असायचे, एक उलटा, एक सुलटा. मला ते बघवेना. मी ते मापाच्या क्रमाने लावून ठेवू लागलो. इथवर ठीक होतं. पण जोड समोर आला की माझा अंगठा आपोआप आत जातो, आणि पोरगं बूट घालायला आलं की मी वाकून पुढून दाबून बघतो, तेव्हा लवकरच माझ्या लक्षात आलं की नवांपैकी दोघांना बूट लहान आहेत आणि तिघांना वाढत्या मापाचे म्हणून होड्या घेऊन दिलेल्या आहेत. आयांना सांगून बघितलं. एकीने "हो का" म्हटलं, दुसरीने फोन खाली न ठेवता मान हलवली. मग एका मंगळवारी सहा वाजता, ताई, माझी बुद्धी फिरली आणि मी ज्याला जो बसतो तो जोड त्याच्या पायात घालून दिला. चारच बदलले. इतकं चोख काम मी दुकानातसुद्धा केलं नव्हतं. पोरं उड्या मारत घरी गेली.

बोंब रात्रीच्या जेवणाच्या आत उठली. पिवळ्या बुटांची मुलगी निळे बूट घालून घरी पोचली होती आणि काढायला तयार नव्हती. एका मुलाच्या बुटात डॉक्टरांनी खास करून दिलेला टाचेचा आधार होता, तो तिसऱ्याच घरी गेला. (आधार माझ्या नजरेतून सुटला हे मात्र मला लागलं. चष्मा घरी होता.) दुसऱ्या दिवशी भिंगरीला घेऊन बागेत शिरतो तोच रखवालदार म्हणाला, साहेबांनी आत बोलावलंय.

बागेचं कार्यालय म्हणजे एक खोली, पाण्याच्या पाइपांची वेटोळी, खताची पोती, आणि एक हात तुटलेली खुर्ची, ती मला दिली. टेबलामागे बागेचे अधीक्षक, समोर दोन आया आणि एक वडील, धंद्याने वकील. मी तयारीत होतो. कोणाचा पाय किती, बूट किती, सगळं एका कागदावर लिहून नेलं होतं. मी एकेक माप समजावून सांगायला लागलो. कोणी कागदाकडे बघितलंच नाही. पिवळ्या बुटांच्या मुलीची आई म्हणाली, "तुम्ही मुलांच्या पायांना हात का लावता?"

मी हसलो. म्हटलं, अहो, अडतीस वर्षं तेच तर केलं. कोणी हसलं नाही. वकील माझ्याकडे बघत नव्हते, ते माझ्या हातांकडे बघत होते. अधीक्षकांनी घसा साफ करून विचारलं की घरी कोण कोण असतं, एकटेच असता का, बागेत रोज येता का, मुलांना खाऊ वगैरे देता का. ताई, चौथ्या प्रश्नाला मला समजलं की हे बुटांबद्दल विचारत नाहीयेत. इतका वेळ लागला याची मला अजून लाज वाटते. त्या बाईचा मला रागही येत नाही, तिच्या जागी मी असतो तर मीही विचारलं असतं. पण हात कुठे ठेवावेत ते मला कळेना. टेबलावर ठेवले, मग मांडीवर, मग खिशात घातले, आणि खिशात घातल्यावर ते आणखीच वाईट दिसत असणार असं वाटलं.

त्यांनी तुझ्या भाचीला बोलावून घेतलं. ती प्रयोगशाळेतून अंगावरच्या पांढऱ्या कोटासकट आली. उभ्यानेच सगळं ऐकलं. मग म्हणाली, "माझे वडील बुटांच्या दुकानात होते. त्यांना दुसरं काही येत नाही." एवढ्यावर मी सुटलो. वकिलांनी खांदे उडवले, अधीक्षकांनी कागद मिटला. अडतीस वर्षांचं प्रशस्तिपत्रक इतक्या थोडक्यात कोणाला मिळालं नसेल.

आणि या सगळ्यात भिंगरी बाहेर होती. तिच्यावर लक्ष ठेवायला सांगितलेला रखवालदार दाराला कान लावून उभा होता. (दोष त्याला देत नाही, आत करमणूकच तशी चालली होती.) कार्यालयाच्या मागे फुटक्या ट्यूबलाइट टाकलेल्या होत्या. ती तिथे अनवाणी गेली. तिची किंकाळी ऐकून मी बाहेर धावलो. तीन टाके पडले, एक इंजेक्शन. टाके घालताना ती रडली नाही, माझ्याकडे बघत राहिली, त्यापेक्षा रडली असती तर चाललं असतं.

दवाखान्याच्या बोळात आम्ही बापलेक बाकावर बसलो होतो. तुझी भाची पायात ते पुढून रुंद सँडल घालते ते तुला माहीत आहे. बोटं सरळ करायचं ऑपरेशन होऊन आठ वर्षं झाली, तरी तिला दुसरं काही घालता येत नाही. ती ओरडली असती तर मी ऐकून घेतलं असतं. ती शांतपणे म्हणाली, "बाबा, माझे पाय आईकडून असे आले, त्याला कोणाचा इलाज नव्हता. हिचे चांगले आहेत. ते तरी राहू देत. आता ती तुमच्याकडे येणार नाही." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होतो?

बागेच्या फाटकावर आता पाटी लागली आहे की मुलांना अनवाणी सोडू नये, आदेशावरून. खाली रंगाऱ्याने एक पाऊल काढून त्यावर काट मारली आहे. पावलाला सहा बोटं आहेत. मी रखवालदाराला दाखवलं, तर तो म्हणाला, आजोबा, तुम्ही इकडे न आलेलंच बरं. तेव्हापासून मी पलीकडच्या फुटपाथने जातो. ओळखीची पोरं हाका मारतात, मी ऐकू न आल्यासारखं करतो. त्यांच्या आया त्यांना पोटाशी ओढून घेतात.

असो. सगळं मनासारखं कुठे होतं? तू काळजी करू नकोस, मला कशाचीही गरज नाही. तब्येत सांभाळ. लोभ आहेच, तो असाच सोसत राहा.

तुझा,
धाकटा

ता. क. - रविवारी तुझी भाची तुझ्याकडे येते, तेव्हा सहज विषय निघाला तर एक शब्द टाकशील का? ती तुझं ऐकते. दोन तास नकोत, एक पुरे. तोही माझ्या घरात, दार उघडं ठेवून, पोरीच्या पायात मोजे आणि बूट दोन्ही. हवं तर तिची आई समोर बसू दे. मी पायांकडे बघणारसुद्धा नाही.

दुसरा ता. क. - वरचा ता. क. रद्द समज. तू काही बोलू नकोस. तुझी नजर गेल्यापासून तुझी पत्रं रविवारी कोण वाचून दाखवतं हे मला ठाऊक आहे, आणि ठाऊक आहे म्हणूनच एवढं लांबलचक लिहिलं.

बाळ, इथून पुढे मोठ्याने वाचू नकोस. आत्याला सांग, बाबांचं अक्षर लागत नाही.

आमच्या दुकानात दर वर्षी नवे नमुने यायचे. मुलांचा नमुना एकाच मापाचा यायचा, साधारण पाच वर्षांच्या पायाचा, आणि वर्ष संपलं की तो जोड कामगारांपैकी कोणीही घरी न्यावा अशी पद्धत होती. तू पाच वर्षांची झालीस तेव्हा मी पहिला आणला. लाल, पट्ट्याचा. शाळेत तसा कोणाकडेच नव्हता आणि तू तो सगळ्यांना दाखवत फिरलीस. सहाव्या वर्षी दुसरा आणला, सातव्या वर्षी तिसरा. नमुना नवा, माप तेच. मी गावातल्या सगळ्या पोरांचे पाय मोजत होतो, तुझा एकदाही मोजला नाही, कारण आकडा काय येणार ते मला माहीत होतं. तू म्हणायचीस, "बाबा, चावतात." मी म्हणायचो, "नवे आहेत, होतील सैल." हे वाक्य मी गिऱ्हाइकाला कधी बोललो नाही.

मग डॉक्टरांनी विचारलं, घरात कोणाचे पाय असे आहेत का. तुझी आई स्वतःच्या पायांकडे बघत बसली, आणि बघता बघता तिला एक मावशी आठवली. मी शेजारच्या खुर्चीवर होतो. तेव्हा बोललो नाही, मग वर्षभर बोललो नाही, मग बोलायची सोयच राहिली नाही. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तिने तुझी माफी मागितली आणि मी पाणी आणायच्या निमित्ताने उठलो. ती तेच मनात घेऊन गेली. तुझे पाय आईकडून असे आले नव्हते. ते चांगलेच आले होते.

भिंगरीला पाठवायचं की नाही ते तू ठरव. हे वाचून कदाचित कधीच पाठवणार नाहीस, तेही मी धरून चाललो आहे. फक्त तिला बूट घेशील तेव्हा पुढून दाबून बघ. ती सांगणार नाही.

इथून पुढे मोठ्याने वाच.

ताई, मध्येच अक्षर जरा बिघडलं होतं, आता ठीक आहे. औषधं वेळेवर घे. आणि पोर अशी मध्येच गप्प का झाली, ते तिला लगेच विचारू नकोस.