मोटारीची खांदशेकणी

वरोरा
मिरग लागून पाच दिवस झाले. सन १९५६.
तारीख कुंताले विचारली असती, पण मग ती विचारते, आजी, तुले तारीख कायले पायजे?

चिरंजीव मनसाराम,

तुह्या गोकुळाआजीचे तुले पोटभर आशीर्वाद. इथी घर, ढोरं, विहीर, सगळं जागच्या जागी आहे. तू बरा असशील तं कळव, नसशील तरी कळव.

पहिले खुशीची गोष्ट. पोरगी झाली रे तुले! आज एकविसावा दिवस. रंग कुंताचा, कान तुहे, अन् आवाज कोणाचा ते विचारू नोको, रडली की रस्त्यावरची माणसं थांबते. मूठ तं अशी की परवा माह्यं बोट धरलं ते सोडेचना. ताराबाई सुईण म्हणे, "बाई, ही तं हातात पाना धरूनच आली." मी एवढी हासली एवढी हासली की डोक्यावरचा पदर पडला, तुह्या बापासमोर. पणजी झाली म्हणजे लाज सुटते काय म्हणून कुंता बोलली मले. बोलू दे.

बाळंतिणीचे लाडू कुंताच्या मायनं केले. मी डिंक कुटून दिला, खोबरं किसून दिलं. तुपाचं काम तेवढं तिनं केलं.

बारसं राह्यलं आहे. तुहा बाप घनश्याम म्हणे, बाराव्या दिवशी उरकून टाका. कुंता म्हणे, मामंजी, बाप आल्याशिवाय नाव नाई. तेवढंच बोलली अन् पाळण्याची दोरी धरून बसली. तवापासून आम्ही सगळे पोरीले "ओ" म्हणून हाका मारतो.

अक्षर पाहून हासू नोको. दुसऱ्या बुकापर्यंत शिकली मी, मग लगीन झालं. आजवर घरचं पत्र कुंताच लिहे, मी सांगे. हे मीच लिहून राह्यली. भर दुपार आहे, सगळे आडवे झाले, मी गोठ्यात बसली आहे. कागद शेजारच्या अन्नपूर्णाच्या नातवाच्या वहीचे. लाल गाय माह्याकडं पाहून राह्यली, बुढीले काय झालं म्हणून.

कोलू ड्रायव्हर काल लाकडाचा ट्रक घेऊन आला. म्हणे, परवा तिकडं जाऊन लगेच माल घेऊन येतो, हा शेवटचा फेरा, पाणी लागलं की भामरागडचा रस्ता दसऱ्यापर्यंत बंद. त्यानंच सांगितलं की तू तिकडं बांबू लादतो. अन् अजून एक सांगितलं. त्याचा ट्रक वाटेत बंद पडला, तो तुले म्हणे, मनसाराम, जरा पाह्य बाबा, तं तू दोन्ही हात पाठीमागं नेले. म्हणे, माह्या हातानं नोको.

वरोऱ्यात ज्याच्या हाताची वाट पाहत ट्रकवाले दोन-दोन दिवस मुक्काम करत, त्यानं हात पाठीमागं नेले. हे ऐकलं अन् मी वहीचे कागद मागून आणले.

पण पहिले चांगलं चांगलं सांगतो. मले त्या मोटारीच्या दिवसांची लय याद येते. जंगल ठेकेदाराची ती लहानी मोटार चिंचेखाली दोन साल पडून होती. माह्या कोंबड्या तिच्यात अंडे देत. ठेकेदार म्हणे, ने बाबा, माही जागा मोकळी कर. तू अन् तुह्या पाठचा भाऊ बाबुलाल ढकलत घरी घेऊन आले, तवा तुहा बाप ओट्यावरून म्हणे, "शंकरपटात बैल हाणणाऱ्याच्या घरी हे डबडं आलं!"

बाबुलाल म्हणे, "बाबा, तुमच्या बैलाले चार पाय, हिलेही चार. फक्त ही शेण टाकत नाई."

घनश्याम मिशीत हासला होता, मी पाह्यलं. अठरा वर्साच्या वयापासून त्यानं पटाच्या शर्यतीत बैल हाणले. थोरली बैलजोडी मेल्यावर पुन्हा पटाच्या रस्त्यानं गेला नव्हता तो. तुम्ही पोरं मोटारीले हात लावला अन् तो पुन्हा अंगणात येऊन बसू लागला. ते एक मोठं काम केलं होतं त्या डबड्यानं.

मग तुम्ही तिले सोलाले घेतलं. दरवाजे काढले. छत काढलं. मागची गादी काढली, ती माह्या खाटेवर आली, अजून आहे. चाकावरचे पत्रे काढले. मी म्हटलं, अरे, लेकराले उघडं करून टाकलं. तू म्हणे, "आजी, वजन गेलं की ती पळते. बाबा बैलाच्या गाडीच्या चाकाची धाव कशी हलकी करत?" धक्के झेलणाऱ्या मागच्या कमानीच्या पट्ट्यांत अजून दोन पट्ट्या घातल्या, वळणावर कलू नये म्हणून. धुराची नळी कापली, तं असा आवाज निघाला की गावची कुत्री घरात शिरली. पेट्रोलची ती लहानी वाटी तू माह्या पितळी ताटात धुतली. ते ताट अजून वास मारते, मी त्यातच जेवतो.

मी विचारत जाये अन् तू सांगत जाये. हे तिचं काळीज, ह्या तिच्या नसा. एक दिवस मी विचारलं, सगळ्यात जोर कुठी पडते रे? तू म्हणे, "आजी, पळवाले एवढा जोर नाई लागत. थांबवाले लागते. ते सगळं चाकाच्या आत होते." तू बरोबरच सांगितलं होतं. शिकवण्यात तुही चूक नाई. हे ध्यानात ठेवून पुढचं वाच.

पोरगी उठली वाटते. थांब.

आली. कुंतानं घेतली तिले.

माघातल्या पटाच्या दिवशी बैलांच्या शर्यती झाल्या की मोटारी सोडणार होते. कापसाच्या जीनवाल्या शेठची पोरं, एक डॉक्टर, एक फौजदार अन् आपला बाबुलाल. सुकल्या तलावात झेंड्या रोवल्या होत्या, त्यांच्या मधातून वळत वळत जायचं, एकेकानं, घड्याळ लावून. आदल्या दिवशी तू पुढची दोन्ही चाकं काढली, आतलं सगळं पुसून साफ केलं, अन् थांबवायची नवी तार आणाले बजारात गेला. बाबुलाल नदीवर आंघोळीले गेला. अंगणात मी अन् ती मोटार.

मनसाराम, पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाची खांदशेकणी करतो. वर्सभर जुवाखाली घासलेल्या खांद्याले तूप-हळद लावतो, पळसाच्या पानानं शेकतो. पटाच्या आदल्या दिवशीही तुहा बाप करे, अन् त्याच्या आधी तुहा आजा करे. त्याशिवाय बैल पटात नेला असं आपल्या घरात झालं नाई. मले वाटलं, ही एवढी पळणार उद्या, अन् हिच्या खांद्याले कोणी हात नाई लावला.

चाकामागचं ते ताटासारखं झाकण उघडं होतं. आत दोन वाकड्या पट्ट्या. चामड्यावाणी, कोरड्या, घासून घासून झिजलेल्या. जुवाखालचा खांदा असतो, अगदी तशा. सगळा जोर इथी पडते, हे तूच सांगितलं होतं.

मी चुलीवर तूप पातळ केलं. हळद घातली. अन् दोन्ही चाकांच्या पट्ट्यांले लावलं, मनसाराम. बोटानं. जिरेपर्यंत लावलं.

लावून झालं अन् मी तिच्या नाकाडावर हात ठेवून म्हटलं, "आज आवतण घे, उद्या जेवाले ये." बैलाले म्हणतो तसं. बाबुलाल तेवढ्यात आला, अंगावर ओला पंचा. पट्ट्यांकडं त्याचं ध्यान नाई, त्यानं फक्त माह्यं बोलणं ऐकलं.

"आजी, मोटार जेवते काय?"

"बैल जेवते तं मोटार काऊन नाई?"

"मग तिच्या वाटचं मी जेवन. चार पुरणपोळ्या बाजूले ठेवजो."

अन् शीळ घालत त्यानं झाकणं बसवली, चाकं चढवली. मी हात धुतले. तू आला, तार ओढून बांधली, मोटार अंगणात ढकलून पाह्यली, थांबली. दुसऱ्या दिवशी पेट्रोल वाचवाले तुम्ही ती बैलांच्या मागं बांधून तलावावर नेली. सगळा वरोरा हासत होता, मोटार बैलामागं चालली म्हणून. बाबुलाल वर उभा राहून सगळ्यांले रामराम करत होता.

पुढचं तुले माहीत आहे. तलावाच्या पाळीजवळचं वळण. मोटार थांबली नाई. पाळीवर चढली अन् पलीकडं दगडात गेली.

पोळ्या मी ठेवल्या होत्या. चार. ताटाखाली झाकून. तिसऱ्या दिवशी गाईले घातल्या.

तुह्या बापानं चारचौघांत तुले म्हटलं, "तू बांधलेल्या तारेनं खाल्लं त्याले." अन् तूही म्हटलं, हो, माहीच तार ढिली पडली. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तू निघून गेला. कुंताले सातवा महिना होता.

खरं सांगतो, तोपर्यंत मलेही ठाऊक नव्हतं. तुह्या लेकीच्या डोक्यावर हात ठेवून सांगतो. फागुनात चांद्याचा एक मिस्त्री ती मोडकी मोटार न्याले आला. अंगणातच त्यानं चाकं खोलली. म्हणे, "बाई, तार तं शाबूत आहे. अशी पक्की बांधणी मी नाई पाह्यली. पण पट्ट्यांले तूप कोणं लावलं? ब्रेकच्या पट्ट्या ह्या, इथी तेला-तुपाचा थेंब चालत नाई, चाक धरतच नाई मग. हळू चालवलं तं समजत नाई, जोरात असली तं गेलं." बोट हुंगून हासला. "हळदही आहे. भाजी करत होते काय?"

घरात मी एकटीच होती. मी त्याले चहा दिला. तो मोटार घेऊन गेला.

तीन महिने झाले. फागुन, चैत, वैशाख. मी कोणाले नाई सांगितलं. वाटलं, घनश्याम मले माय म्हणणार नाई. अन् तू तं दूर होता. दूरच्यावर दोष ठेवला की घरात तो रोज दिसत नाई. पहिलं जे केलं ते अडाणीपणानं केलं रे. हे दुसरं मी समजून उमजून केलं.

आता हे कोलूजवळ देतो.

दुसऱ्या दिवशी, सकाळी

काल पत्राची घडी करून निघाली तं दारातच तुहा बाप. "माय, एवढ्या उन्हात कुठी?" म्हणे. काहीतरी बनवून सांगणार होती. तुले सांगितलं अन् त्याच्यापासून लपवलं, तं पुन्हा तेच झालं असतं. ओट्यावर बसली अन् सगळं सांगितलं. मिस्त्री काय म्हणे तेही.

तो वळला. गोठ्यात गेला. थोरली जोडी जिथी बांधत, तिथी दावणीजवळ बसला. लय वेळानं बाहेर आला अन् एकच विचारलं.

"आवतणही दिलं होतं?"

मी म्हटलं, "हो."

मग आत गेला. तुही हत्याराची पेटी विहिरीत फेकतो म्हणून त्यानं तवा उचलली होती, तुले याद असंल. फेकली नव्हती. कणगीमागं ठेवली होती. ती बाहेर काढली अन् एकेक पाना धोतराच्या सोग्यानं पुसत बसला. कुंता पोरीले घेऊन दारात उभी. शेवटी तिच्याचकडं पाहून म्हणे, "कोलूले निरोप पाठव. ट्रकात मीही बसतो."

रात्रीचं ताट मी वाढलं, ते तसंच राह्यलं. कुंतानं दुसरं वाढलं, ते जेवला. ते बरोबर आहे त्याचं. मी काही म्हणत नाई.

म्हणून हे पत्र आता कोलू नाई देणार, तुहा बाप देईन. वाचता येत नाई त्याले, पण यात काय आहे ते ठाऊक आहे. तू हे वाचत असशील तवा तो समोर उभा असंल, पेटी डोक्यावर घेऊन. उतरवून घे. पहिले पाणी दे. त्याले माफी मागता येत नाई, कधी आलंच नाई, लहानपणापासून. पेटी आणली तेवढीच समज.

पेटीतले पाने हातात घे. बाबुलाल गेला तो तुह्या हातानं नाई. हे रोज उठून स्वतःले सांगजो, अन् पाणी लागायच्या आधी त्याच ट्रकात बापासंग घरी येजो. पोरगी नावावाचून पडली आहे.

जेवाले ये असं मी म्हणणार नाई. ते शब्द आता माह्या तोंडात येत नाई. कुंता म्हणन. मी ओट्याच्या खाली बसलेली असन. माह्याशी बोलला तं बोल, नाई तं पोरीले घेऊन माह्यासमोरून तेवढा जाजो.

तार तुही पक्की होती.

गोकुळा
(आधी "तुही आजी" लिहिलं होतं, मग खोडलं. तू म्हणशील तं पुन्हा लिहीन.)