पडवी मनकर्णेच्या नावे

मी, कु. इंदुमती भिमाजी गागरे, बी. ए., वय २३, राहणार टेकवाडी, तालुका राहुरी, पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र सांगून लिहवून घेत आहे. हृदयाच्या झडपेच्या ऑपरेशनसाठी मला परवा पुण्याला नेणार आहेत. धाप लागते, बसून लिहवत नाही, म्हणून अक्षर माझी पुतणी मनकर्णा हिचे आहे.

१. वडिलांनी हयातीत घराची पडवी माझ्या नावे केली. आमच्या वस्तीवर शाळा नाही, म्हणून लहानमोठ्या मुलांना मी तिथे एकत्र शिकवते. नियम एकच: शिकलेले खालच्याला शिकवून दाखवले, तरच ते आले. मनकर्णा चौदा वर्षांची, ती तिच्या नऊ वर्षांच्या भावाला, गोरक्षनाथला शिकवते. तो शेजारच्या सहा वर्षांच्या जहिराला. जहिराच्या खाली कोणी नव्हते, म्हणून ती माझ्या वहिनीला अक्षरे गिरवायला लावते आणि चुकले की डोळे वटारते.

२. पुंजारामकाका या वर्गाला कोंडवाडा म्हणतात. त्यांच्यावरचा राग मी सोडून देत आहे, पण पूर्ण नाही.

३. माझे मनगटी घड्याळ गोरक्षनाथला. पाट्या आणि पुस्तके जहिराला.

४. पडवी मनकर्णेला. तिने एप्रिलमध्ये बाहेरून सातवीच्या परीक्षेला बसावे आणि त्याआधी तिचे लग्न करू नये, अशी माझी इच्छा आहे.

वकिलांनी सांगितले की इच्छा लिहायला हरकत नाही, पण ती कोणावर बंधनकारक नाही. शिवाय मुलगी अठराच्या आतली, कायद्याने अज्ञान असल्याने पडवी तिच्या वडिलांच्याच, म्हणजे माझ्या दादाच्या ताब्यात राहील. दादा वाईट नाही. माझ्या कॉलेजसाठी त्याने स्वतःचे शिक्षण सोडले. मनकर्णेला राहुरीच्या शाळेत घाल म्हणून मी किती वेळा विनवले. तो म्हणे, "घरात शिकतीया ना? मग घरातच ऱ्हाऊ दे." आता मी चालले, तर घरातले शिक्षणही संपले, असे त्याने धरले आहे. पडवी माझी आहे, ती मी देऊ शकते. मनकर्णा माझी नाही.

५. मी परत आले नाही, तर वर्ग एक दिवसही बंद ठेवू नये. रडायचे ते पाढे झाल्यावर.

दुरुस्तीची नोंद: कलम ४ मधील परीक्षेची ओळ लेखनिकेने लिहून लगेच खोडली. कारण विचारले, तेव्हा मान वर न करता म्हणाली, "आत्या, काल सुपारी फुटली. पाडव्याला लग्न हाय. तुला पुण्याला जाईस्तोवर सांगायचं न्हाई, असं ठरलं हुतं."

ती ओळ मी तिला पुन्हा लिहायला लावली. तिने लिहिली.

साक्षीदार: १. मोहियोद्दीन शेख, जहिराचे वडील (सही)
२. पुंजाराम गागरे (अंगठा)

इंदुमती भिमाजी गागरे (सही)
टेकवाडी, ११ मार्च १९७३

लेखनिक: मनकर्णा रंगनाथ गागरे, इयत्ता सातवी, घरी