माचीवरचं पवन्या गवत

८ ऑक्टोबर १९५८, बुधवार

राग अजून उतरलेला नाही. गडाच्या माचीवर तीन पावसाळे राखण करून मूळचं पवन्या गवत परत आणलं होतं. बी पिकायला आठच दिवस उरले होते, आणि आज पुरातत्त्व खात्याच्या साहेबांनी सगळं कापायला लावलं. का, तर पाहुणे येणार, गड स्वच्छ दिसायला हवा! आणि मी, इथला रखवालदार, काय म्हणालो? "होय साहेब."

डोंगर पालथे घालून बी आणलं होतं धनगरवाड्याच्या सोनाबाईनं. तरी तिच्या म्हशींना मी माचीवर फिरकू दिलं नव्हतं. संध्याकाळी ती आली, कापलेले भारे बघून म्हणाली, "म्हशींनी खाल्लं असतं तर दूध तरी मिळालं असतं. तुमी कायबी बोलला न्हाई?"

थोड्या वेळानं तिच्या म्हशी माचीवर चढल्या. कुठल्या तोंडानं अडवणार होतो?