बशीतली बाई

अमरावती, ५ डिसेंबर १९३१
काल लग्न होऊन अकोल्याहून सासरी आले. घर हवेशीर, सासूचा जाच नाही, आणखी काय हवं! हे वकील, पण जीव सगळा चिनी मातीच्या जुन्या बश्यांत. कपाटभर आहेत. प्रत्येकीत मिन्याच्या रंगांनी हातानं काढलेली एकेक बाई. माझ्या बशीतलीचे रंग मात्र उडालेत, नुसत्या रेघा. मलाच बरी ही भुंडी मिळाली! ह्यांनी स्वतः चहा ओतून दिला.

भांडी घासणाऱ्या मैनाबाईनं हळूच बजावलं, "बाई, बशीत घोटभर उरू देत जा. तिले बी तहान लागते." मला हसू आलं. आमच्याकडे ताटात शीत टाकलं तरी आई पाठीत धपाटा घालायची. बशी साफ संपवली.

९ डिसेंबर
बशीतलीचं लुगडं हिरवंगार झालंय. हे खुशीत. माझा हिरवा चुडा मात्र साध्या काचेसारखा पांढरा पडला. कासाराला मनसोक्त शिव्या घातल्या.

१४ डिसेंबर
तिच्या कपाळी लाल कुंकू. मी लावते ते पांढरं पडतं. नवरा जिवंत असताना माझं कपाळ असं! आज घोटभर चहा उरवला. "संपव," हे म्हणाले, आणि संपेपर्यंत समोर उभे राहिले. मैनाबाईला कामावरून काढलं.

१७ डिसेंबर
केस पांढरे. सगळे. तिचे काळेभोर. तिचे गाल भरलेत, माझे सुरकुतलेत.

शेजारच्या बशीतल्या बाईच्या ओठावर तीळ आहे. भिंतीवरच्या फोटोत ह्यांच्या वारलेल्या पहिल्या बायकोच्याही तिथेच. बायको नव्हे, रंग आणला मेल्यानं! मैनाबाई मागल्या दारी आली होती. तिच्याकडून रवीदादाला अकोल्याला निरोप धाडलाय. भाऊ आला की सुटले.

१९
दादा आला. दारातूनच मला विचारलं, "आजी, आमची चारू कुठंय?"

मीच रे, म्हणून ओरडले. ह्यांनी डोळे टिपत सांगितलं, ही आमची वेडी आत्या, सगळ्यांना हेच सांगते. चारू रिद्धपूरला देवदर्शनाला गेलीय म्हणे. दादा मला नमस्कार करून गेला. माझा दादा—

बाहेरून कडी. आता चहा नाक दाबून पाजतात. तिच्या डोळ्यांत बुबुळं तेवढी भरायची—

तारीख कळत नाही
सगळं पांढरं. ओळीवर ओळ चढत असेल. बशी हिसकावून घेतलीय, पदराखाली आहे. ऊब लागते तिची— हे येताहेत— फोडते. पण फोडली तर मी कुठं उर—