सोलच्या जमिनीखालचा जोड

बाबा,

आधी तुमाले अन् आईले वाकून नमस्कार करते, मंग बातमी सांगते. आपली केबल चालू झाली!

काल सकाळी इथं सोलमध्ये अतिवाहक केबलीतून पह्यल्यांदा शहराले वीज गेली. द्रवरूप नायट्रोजननं तिले उणे दोनशे डिग्रीपर्यंत थंड ठेवतात. मंग तार तापत नाही अन् वीज जवळपास वायाच जात नाही.

एक गोष्ट फोनवर लपवली होती. मार्चच्या चाचणीत केबलीचा मी केलेलाच जोड तापला. सहा आठवडे चाचणी बंद होती. मले वाटे, आता घरी धाडतात. पण आमच्या प्रमुख किम बाई म्हणाल्या, "जोड तू केलास, तूच उघड."

उघडला, तर सारं चांगलं दिसे. मंग तुमी दारव्ह्याले तारेची गाठ चाचपत तशी मी जोडातली एकएक धातूची पट्टी बोटानं चाचपली. एकीखाली सोल्डरचा डाख पोकळ लागला. सारं पुन्हा केलं.

काल पूर्ण भार दिला अन् माह्या जोडाचं तापमान जराही हाललं नाही!

हात अजून दुखते म्हणून आई सांगत होती, तो तुमचा भाजलेला हात डॉक्टरले दाखवला का? मी जेवून राह्यली बरोबर, आईले सांगा.

काल किम बाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, "हे बोटानं चाचपणं कुठं शिकलीस?" मी म्हटलं, "माझे बाबा लाइनमन होते." बाबा, चाळीस इंजिनियर उभे राहून तुमच्यासाठी टाळ्या वाजवत होते.

तुमची लेक,
भैरवी