नंदूचं जावळ

६ जानेवारी, मंगळवार

तिकीट आलं. पाच फेब्रुवारी, खालचा बर्थ, सोलापूरपर्यंत. यशने माझ्या फोनवर पाठवलं आणि म्हणाला, "आई, आता तरी खूश?" मी हो म्हटलं. गणपतीनंतर आले ती इथेच आहे, तमीळ मुलखात, पेरुंगुडीत, सातव्या मजल्यावर. सून हरिप्रिया ऑफिसला जायला लागली, नातीला बघायला कुणीतरी हवं होतं. आता नंदू पाळणाघरात जाईल. म्हणजे माझं काम संपलं.

संध्याकाळी बार्शीहून यांचा फोन. "कन्फर्म आहे ना?" "आहे." "बरं." — संपलं बोलणं. मुलाचं नाव नाही, नातीचं नाव नाही, सुनेचं तर नाहीच नाही. यशच्या लग्नाला तीन वर्षं होतील. यांचा अबोला अजून जसाच्या तसा.

नंदूचे केस पार डोळ्यांवर येतात. मी फुंकर मारून बाजूला करते, ती हसते, केस परत जागेवर.

७ जानेवारी

पहाटे स्वप्न पडलं. बार्शीचं घर, सगळी दारं उघडी आणि आत समुद्र. घोट्यापर्यंत पाणी. मी आपली धुणं वाळत घालतेय.

९ जानेवारी, शुक्रवार

आज पुन्हा गुलाबी बस. इथे या गुलाबी रंगाच्या बसमध्ये बायकांना फुकट! कंडक्टर तिकीट देतो, पैसे घेत नाही. पहिल्या दिवशी मी नोट पुढे करून तशीच बसले होते, अख्खी बस हसली.

हे वेड विहीणबाईंनी लावलं. राजसबाई, हरिप्रियाची आई. तिरुवान्मियूरला राहतात, दुपारी इकडे येतात. नंदू घरात झोपायला त्रास देते, बस हलली की तिचे डोळे मिटतात. मग आम्ही दोघी विहिणी मांडीवर तिला घेऊन निघतो, बस नेईल तिकडे. राजसबाईंचे गुडघे कुरकुरतात, चढताना मला हात द्यावा लागतो, पण एकदा बसल्या की राणीसारख्या बसतात.

"तुझी तंद्री लागली की भात करपतो," हे यांचं नेहमीचं वाक्य. भात करपतोही, खोटं कशाला बोलू! पण इथे माझ्या तंद्रीला खिडकी मिळाली. पळ्ळीकरणैच्या दलदलीवरून बस जाते तेव्हा पाण्यात लांब पायांचे पक्षी उभे असतात, हलत नाहीत. पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं ते दुपारच्या उन्हात कळत नाही. मला वाटतं आपण कुठेच निघालेलो नाही, कुणी वाट बघत नाही, आणि ते छान वाटतं.

शेजारच्या बाईने नंदूच्या केसांना हात लावून तमीळमध्ये काहीतरी विचारलं. राजसबाईंनी तिला थोडक्यात उत्तर दिलं. मग मला म्हणाल्या, "अस्की बाया तेंच विचारतात, विहीणबाई. लेकरू वर्षाचें होत आलें, मोट्टई कां नाहीं केलें म्हणून." अस्की म्हणजे सगळ्या. त्यांचं तंजावरचं मराठी ऐकताना मला पणजीच्या काळातलं कुणीतरी बोलतंय असं वाटतं. मोट्टई म्हणजे जावळ काढणं.

का नाही केलं ते त्यांनाही माहीत आहे, मलाही. वीस फेब्रुवारीला नंदूचं वर्ष पुरं होतं, त्याच्या आत व्हायला हवं. कुलदेवीपुढे, मामाच्या मांडीवर. मामा आहे — हरिप्रियाचा भाऊ रघु, सिरुसेरीला नोकरी करतो. देवी आहे — तुळजाभवानी. आमची तीच, त्यांची तीच! राजसबाईंच्या देव्हाऱ्यात मधोमध भवानी. तीनशे वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज तंजावरला घेऊन आले, अजून पुजतात. फक्त आजोबांचं बोलावणं नाही. हरिप्रियाचं म्हणणं एकच, "बाबा बोलावतील तेव्हा जाऊ. देवीकडे चोरून जायचं नाही." तोवर एक केस कापू देत नाही.

आणि हे म्हणतात, यशने मद्राशीण आणली. अहो, मराठी आहेत ते! "तीनशे वर्षं तिकडे राहून कसले मराठी." झालं.

राजसबाईंनी तुळजापूर पाहिलेलं नाही. मला विचारत होत्या, बार्शीहून किती लांब. म्हटलं, एसटीने दोन तास. "दोनच?" म्हणाल्या, आणि खिडकीकडे वळल्या.

११ जानेवारी

बॅग काढली. पाच साड्या ठेवल्या, तीन परत बाहेर काढल्या, लागतील म्हणून. धाकट्या जाऊबाईंसाठी स्टीलचा कॉफीचा फिल्टर. यांना सध्या त्याच जेवायला घालतात, त्यांचं तेवढं देणं आहे. यांच्यासाठी काय न्यावं सुचेना. इथलं काही नेलं तर हात लावतील का?

१३ जानेवारी, मंगळवार

धीर केला. फोनवर म्हटलं, "नंदूचे केस फार वाढलेत हो. डोळ्यांत जातात."

"मग कापा की. सलून नाहीत का तिकडे?"

त्यांना समजलं नाही असं नाही. सगळं समजलं. मी म्हटलं, "भाकरी मऊ असते ना जाऊबाईंची?" आणि विषय बदलला. नंतर बाथरूममध्ये नळ सोडून रडले. राग त्यांचा आला की माझा, ते मला ठरवता येईना.

१५ जानेवारी, पोंगल

राजसबाई सकाळीच गोड पोंगल घेऊन आल्या, मी तिळाच्या वड्या केल्या होत्या. खाली गेटपाशी बायकांनी एवढाल्या रांगोळ्या काढलेल्या, कोलम म्हणतात इथे, वॉचमनसुद्धा कडेकडेने चालत होता.

जेवताना त्यांनी एक गोष्ट सांगितली, मला ठाऊक नव्हती. लग्नात त्यांनी देवीचा गोंधळ घातला, ते मी पाहिलं होतं. मी माझ्या भावाबरोबर आले होते तेव्हा, हे आले नाहीत. पण नंतरच्या पंगतीत व्याह्यांचं म्हणून एक पान वाढून ठेवलं होतं म्हणे. शेवटपर्यंत कुणाला बसू दिलं नाही त्यावर. "येतील म्हणून?" मी विचारलं. "येणार नाहींत हें मज ठाऊक होतें. तरी व्याह्यांचें पान वाढायचें नाहीं, असें कसें?" इतक्या सहज म्हणाल्या. मी त्यांच्या पानात आणखी एक तिळाची वडी वाढली.

१८ जानेवारी, रविवार

संध्याकाळी सगळे समुद्रावर. यश नंदूला पाण्याशी नेत होता, लाट आली की उचलत होता. मी आणि हरिप्रिया वाळूत. ती माझ्याशी हळू बोलते, शब्द जुळवत. म्हणाली, "आई, मी लहान होते तेव्हा अम्मा झोपताना तुळजापूरची गोष्ट सांगायची. डोंगर, दगडी पायऱ्या, खाली देवी. तिने पाहिलं नाही, तिच्या अम्मानेही पाहिलं नाही. मला वाटायचं ते गाव खरं नाहीच, गोष्टीतलं आहे. मग यश भेटला, तो म्हणाला, आमच्या घरापासून दोन तास." आणि हसली.

जे हिला स्वप्न वाटायचं तिथे मी दर वर्षी एसटीच्या गर्दीत घाम पुसत जाते आणि परत येताना बटाटे घेते.

अंधार पडला तरी उठावंसं वाटेना. दिवे लागले, पाणी काळं झालं, फक्त आवाज. मला वाटलं, मी इथलीच आहे, लहानपणापासून. मग नंदू वाळू खायला लागली आणि उठावं लागलं.

१९ जानेवारी, सोमवार

आज यशचा स्फोट झाला. नंदूच्या डोळ्याला केस टोचून टोचून लाली आली, डॉक्टरांनी थेंब दिले आणि वर म्हणाले, केस कापा. यश घरी येऊन म्हणाला, "बास. एक फेब्रुवारीला तिरुपती. रविवार आहे, रघु मोकळा आहे, आईसुद्धा जायच्या आत होईल. सगळे तिथेच करतात. बाबांसाठी पोरीचा डोळा घालवू का?"

त्याचं काही चुकलं नाही. हरिप्रिया आत जाऊन नंदूचे केस विंचरत बसली. राजसबाई पिशवी उचलून उठल्या. "सरी, बरें. बालाजी पण आपलाच की," म्हणाल्या. मी लिफ्टपर्यंत गेले. लिफ्टचं दार बंद होताना त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. तो स्वच्छ होता, मी जेवायच्या आधीच पाहिला होता.

२०

राजसबाई आल्या नाहीत.

२२ जानेवारी

आजही नाहीत. फोनवर म्हणतात गुडघा दुखतो. नंदू दुपारी झोपली नाही.

बॅग भरून झाली. एवढीशी बॅग, पण उचलवत नाही. घरी जायची ओढ होती ना मला? अंगण, तुळस, जाऊबाईंशी भिंतीवरून गप्पा, माझा ओटा. सगळं आठवतं आणि त्यात हे मध्ये खुर्चीवर बसलेले, पेपर धरून. मी त्यांच्यापुढे चहा ठेवणार आणि आम्ही नंदूबद्दल बोलणार नाही. रोज बोलणार नाही. वर्षानुवर्षं. त्या चहाचं मला भय वाटतं.

२४ जानेवारी, शनिवार

यश-हरिप्रिया घरी होते, म्हणून दुपारी एकटी निघाले. कुठे जायचं ठरवलं नव्हतं. गुलाबी बस आली, बसले. ऊन खिडकीतून मांडीवर, बस पाळण्यासारखी हलत होती. पक्षी गेले, पाणी गेलं, पूल गेले. केव्हा झोप लागली कळलं नाही. स्वप्नात मी देवळाच्या पायऱ्या उतरतेय, पुढे राजसबाई, त्या वळून म्हणतात, "विहीणबाई, देवीला सांगू काय, नात कां नाहीं आली?"

"अम्मा, इरंगुंगा." कंडक्टर खांद्याशी उभा, उतरा म्हणतोय. बस रिकामी. शेवटचा स्टॉप होता, नाव वाचता येईना. एका झाडाखाली बाक, शेजारी चहाची टपरी. बसले. भीती वाटायला हवी होती, वाटली नाही. अजून अर्धी स्वप्नातच होते बहुतेक, नाहीतर जे केलं ते माझ्याने झालं नसतं.

मी यांना फोन लावला.

"काय गं? या वेळी? कसला आवाज येतोय?"

"बस स्टँडवर आहे."

"कुणाबरोबर?"

"एकटी. ऐका. एक तारखेला तिरुपतीला नंदूचं जावळ आहे. तुम्ही बोलावलं नाहीत म्हणून तिकडे. मी पाचला निघते. आले की तुळजापूरला जाऊ आपण, दरवर्षीसारखं. तेव्हा नात का आली नाही ते देवीला तुम्हीच सांगा. मला नाही जमायचं."

"शशी —"

मी फोन ठेवला. चौतीस वर्षांत पहिल्यांदा मी आधी ठेवला. टपरीवाल्याने न मागता चहा दिला, फार गोड होता, सगळा प्याले. त्यालाच पेरुंगुडी पेरुंगुडी म्हणत विचारलं, त्याने बोटाने बस दाखवली.

घरी कुणाला काही सांगितलं नाही.

२५

फोन नाही.

२६

नाही. रोज सहाला येतो, आज सहापासून मी फोन पदराला बांधल्यासारखा हातात धरून. यश म्हणाला, "आई, कुणाचा यायचाय?" म्हटलं, कुणाचा नाही.

२७ जानेवारी, मंगळवार

फोन आला, पण धाकट्या जाऊबाईंचा. आवाज दबका. "वहिनी, भावजींचं काही बिनसलंय का? काल सकाळी न सांगता एसटीने गेले कुठेतरी. अंधार पडल्यावर आले. कपाळभर कुंकू! विचारलं तर म्हणाले, काम होतं. जेवले नाहीत. आज माझा फोन घेऊन त्यातून कुणाचा तरी नंबर कागदावर उतरवला आणि मलाच म्हणाले, जा तू."

कुणाचा नंबर, विचारावंसं वाटलं. विचारला नाही. आशा धरायची आणि मग तोंडावर पडायचं, हे मी पुष्कळदा केलंय. नंदूला थेंब घातले. तिने माझं बोट धरून ठेवलं, झोप लागेपर्यंत.

२८ जानेवारी

यशने तिरुपतीची गाडी ठरवली. शनिवारी निघायचं. राजसबाईंना फोन केला, येते म्हणाल्या. आवाजात काही नव्हतं. आज सबंध दिवस खिडकीशी बसून होते, धुकं की धूर कोण जाणे, समोरच्या इमारती अर्ध्याच दिसत होत्या.

२९ जानेवारी, गुरुवार

सकाळी डबे भरताना हरिप्रियाचा फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता. "हॅलो" म्हणाली, आणि चमचा हातातच राहिला. मग दोनदा नुसतं "हो, बाबा." डोळ्यांतून घळाघळा पाणी. फोनवर हात ठेवून माझ्याकडे वळली —

"आई, बाबा विचारतात, माझ्या अम्माला देवळाच्या पायऱ्या उतरता येतील ना, की खुर्ची सांगून ठेवू?"